तळघरातले ठोकळे

आपल्याकडे एका पिढीच्या घराघरांत, हॉलमध्ये काचेचं शोकेस असायचं. त्यात छोटा ताजमहाल, शिंपल्यांचा गणपती, लग्नात आहेर आलेला आणि कधीही न वापरलेला टी-सेट, आणि परदेशातल्या कुणी मामा-काकाने आणलेली बाहुली. बाहुलीच्या अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसे. का, तर 'खराब होईल'! बाहुली कधीच खराब झाली नाही, हे खरं. जिच्यासाठी आणली ती मुलगी मात्र शिकली, मोठी झाली, सासरी गेली, आणि बाहुली काचेआडून बघतच राहिली.

या 'खराब होईल'वर हॉलिवूडने एक अख्खा सिनेमा काढलाय असं सांगितलं, तर गंमत वाटेल तुम्हाला. 'द लेगो मूव्ही' हा २०१४ सालचा ॲनिमेशनपट. मुलांचा, धमाल साहसाचा, पळापळीचा. पण शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत तो एकदम आपल्या घरात शिरतो आणि आईबापांचा कान धरतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा बघायला बसले ते नाक मुरडूनच. खेळण्याच्या कंपनीने स्वतःच्या खेळण्यावर काढलेला सिनेमा म्हणजे पावणेदोन तासांची जाहिरात, दुसरं काय? माझा मुलगा तेव्हा लहान होता. सिनेमा बघून झाल्यावर 'घे ना, घे ना' सुरू होणार, याची मनातून तयारीच ठेवली होती. (झालंच ते सुरू. किंमत बघून मी पुठ्ठ्याची खोकी आणि डिंकाची बाटली हातात दिली. तोही काही कमी नाही, त्याने त्यातून धरण बांधलं आणि बाथरूमभर पाणी केलं.)

सिनेमाबद्दल सांगण्याआधी थोडं या ठोकळ्यांबद्दल सांगायला हवं. डेन्मार्कमधलं बिलुंड नावाचं लहानसं गाव. तिथे ओल कर्क ख्रिश्चनसन नावाचा एक सुतार होता. १९३२ साल, जगभर मंदी, घरबांधणीची कामं बंद. त्याच वर्षी त्याची बायको वारली आणि चार मुलगे पदरात. अशा वेळी त्याने लाकडाची खेळणी करायला सुरुवात केली. 'चांगलं खेळा' अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द जोडून त्याने नाव ठेवलं, लेगो. पुढे लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली. ठोकळ्यांवर ठोकळे घट्ट बसावेत म्हणून आतून पोकळ नळ्या घालायची युक्ती निघाली, आणि तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदलं गेलं. दोनच महिन्यांत ओल कर्क गेला. धंदा मुलाने वाढवला. त्या वर्षी केलेला ठोकळा आज दुकानातून आणलेल्या ठोकळ्यावर 'टक्' करून बसतो. आपल्या कुकरच्या शिट्टीलासुद्धा हे जमलेलं नाही! आणि एक आकडा मला फार आवडतो. आठ टिकल्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते एकमेकांत अडकवण्याचे ९१ कोटी ५१ लाखांहून जास्त प्रकार होतात. सहा ठोकळे फक्त. मुलाला 'काय तेच तेच खेळतोस' म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

तर सिनेमा. फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर या जोडीने तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. ॲनिमेशनचं काम ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या ॲनिमल लॉजिक या स्टुडिओत झालं. संगणकावर केलेला असला, तरी वाटतं असं की कुणीतरी टेबलावर खरोखरीचे ठोकळे एकेक करून सरकवत फोटो काढलेत. समुद्राच्या लाटा ठोकळ्यांच्या, धूर ठोकळ्यांचा, नळातून पडणारं पाणीसुद्धा इवल्या ठोकळ्यांचंच. माणसांच्या गुडघ्याला, कोपराला वाक नाही, कारण खेळण्यातल्या माणसांना तो नसतोच! ठोकळ्यांवर बोटांचे ठसे आहेत, ओरखडे आहेत. बेनी नावाचा एक निळा अंतराळवीर आहे, त्याच्या शिरस्त्राणाला हनुवटीपाशी तडा गेलेला. १९८० च्या सुमाराच्या खऱ्या खेळण्यात ते शिरस्त्राण अगदी त्याच जागी तडकायचं म्हणे. थोडक्यात, ही खेळणी वापरलेली आहेत. कुणीतरी त्यांच्याशी खूप खेळलंय. पहिल्यांदा बघताना हे नुसतं 'छान केलंय' असं वाटतं. त्याचा अर्थ नंतर लागतो.

कथानायक एम्मेट. बांधकामावरचा साधा मजूर. सकाळी उठतो, केस डोक्यावर टक् करून बसवतो आणि एक पुस्तक उघडतो. त्यात दिवसभर काय करायचं ते क्रमाने लिहिलेलं असतं. व्यायाम करा, आंघोळ करा, सगळ्यांना आवडतं तेच गाणं ऐका, सगळे बघतात तीच टीव्हीवरची मालिका बघा, महागडी कॉफी विकत घ्या आणि खूश राहा. एम्मेट खूश आहे. फक्त त्याला मित्र एकही नाही. तो हरवतो तेव्हा पोलीस त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारतात, तर कुणाला त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही आठवतच नाही. विनोदी प्रसंग आहे, पण मला हसू आलं नाही. आपल्या ओळखीत अशा किती जणी आहेत, ज्यांच्याबद्दल विचारलं तर 'हो, स्वयंपाक छान करते' एवढंच लोक सांगतील!

या जगावर लॉर्ड बिझनेस नावाच्या खलनायकाचं राज्य आहे. त्याला प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे हवी. घरं ओळीत, माणसं जागेवर, समुद्रातलं गलबत समुद्रात आणि गावातली बस गावात. कुणी एकातलं काढून दुसऱ्यात लावलं की त्याचं डोकं फिरतं. त्याने एक भयंकर अस्त्र मिळवलंय. त्याचं नाव क्रॅगल. हे अस्त्र सोडलं की सगळं जग आहे त्या जागी कायमचं थिजणार. आणि हे अस्त्र म्हणजे आहे काय, तर आपल्या फेविक्विकसारखी घट्ट चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब! तिच्यावरची काही अक्षरं पुसली गेल्यामुळे त्या जगातले लोक तिला 'क्रॅगल' म्हणतात, एवढंच. त्याच्या खजिन्यातल्या बाकीच्या 'दैवी' वस्तूही अशाच. वापरलेली जखमेची पट्टी, नेलपॉलिश काढायचं औषध, गोल्फचा चेंडू. प्रेक्षकाला शंका यायला लागते, की या ठोकळ्यांच्या जगाच्या वर आणखी एक घर आहे, आणि तिथून या वस्तू खाली पडताहेत.

आणि तसंच निघतं. एम्मेट त्या जगाच्या कडेवरून खाली कोसळतो, तो थेट आपल्यासारख्या हाडामांसाच्या माणसांच्या घरात. तळघर आहे. टेबलांवर ठोकळ्यांचं भलं मोठं शहर मांडलेलं. एक आठ-साडेआठ वर्षांचा मुलगा, फिन, चोरून खाली येऊन खेळतोय. जिन्यावरून बाबा उतरतात. ते शहर बाबांचं आहे. जागोजागी 'हात लावू नये'च्या पाट्या. बाबांचं म्हणणं असं, की हे खेळणं नाहीच, मोठ्या माणसांची गोष्ट आहे. मुलगा म्हणतो, पण आपण हे खेळण्यांच्या दुकानातूनच आणलं ना? खोक्यावर तर मुलांचं वय छापलंय! बाबा म्हणतात, ते नुसतं सुचवलेलं असतं. आणि बाबांच्या हातात गोंदाची ट्यूब आहे. आता ते सगळं शहर एकदाचं चिकटवून टाकणार आहेत, म्हणजे परत कुणी हलवायला नको.

इतका वेळ आपण बघितलेली सगळी गोष्ट त्या मुलाने रचलेली होती. खलनायक त्याला बाहेर शोधावा लागला नव्हता. बाबा त्याने मांडलेला खेळ बघत बघत त्या खलनायकापाशी येतात, त्याच्याकडे नीट बघतात आणि त्यांना कळतं, हा कोण आहे ते. विल फेरेल हा विनोदी नट तो बाप झालाय. खलनायकाचा आवाजही त्याचाच. तो चेहऱ्यावर फारसं काही करत नाही, खाली बसतो आणि मुलाला विचारतो की तुझा एम्मेट या खलनायकाला काय सांगेल? मुलगा आधी घाबरत, मग धीर करून सांगतो. मला त्या वेळी त्या बापाचा राग आला नाही. दिवसभर ऑफिसात दुसऱ्याचं ऐकून आलेल्या माणसाला घरात एक कोपरा तरी आपल्या म्हणण्याप्रमाणे चालावासा वाटतो, हे आपण सगळ्याच जाणतो. आपण नाही का, ओटा पुसून झाल्यावर कुणी पाणी प्यायला आलं तरी ओरडत?

बाबा गोंद बाजूला ठेवतात. वरून आईची जेवायला हाक येते. आणि अगदी शेवटी, जाता जाता, बाबा मुलाला सांगतात, की आता तुला इथे खेळायची परवानगी दिलीये, तर आणखी कुणाला द्यावी लागेल? तुझ्या बहिणीला! मुलाचा चेहरा पडतो. पुढच्या क्षणी ठोकळ्यांच्या जगात परग्रहावरून आल्यासारखे ड्युप्लोचे, म्हणजे अगदी लहान मुलांसाठीचे मोठ्ठे ठोकळे उतरतात आणि बोबड्या आवाजात सांगतात, आम्ही तुमचा नाश करायला आलोय. थिएटरात हशा. सिनेमा संपला.

मी हा सिनेमा तीन-चारदा तरी पाहिला असेल. वाईल्डस्टाईल नावाची त्यातली मुलगी लढते, गाड्या बनवते, आराखडे आखते, सगळं तिलाच येतं. तरी 'निवडलेला' ठरतो तो एम्मेट, ज्याला काहीच येत नाही. हे मला खटकत आलंय. आई तर फक्त एक आवाज, तोही जेवायला बोलावणारा. पण जो प्रश्न मला एवढ्या वेळा बघून पडला नव्हता, तो आमच्या खेळणीघरातल्या एका मुलीने पहिल्याच फटक्यात विचारला.

आमच्या महिला मंडळातर्फे नाशिकच्या एका वस्तीत आम्ही खेळणीघर चालवतो. समाजमंदिरामागची दहा बाय बाराची खोली, दोन पत्र्याची कपाटं, एक सतरंजी. लोकांनी दिलेली खेळणी गोळा करायची, धुवायची, मोडकी दुरुस्त करायची आणि रोज दोन तास मुलांना खेळू द्यायचं. पैसे नाहीत, परीक्षा नाही, त्यामुळे गर्दी मात्र असते. एकदा परदेशातून परत आलेल्या एका कुटुंबाने आम्हाला या लेगोचं मोठं खोकं दिलं. हजारभर ठोकळे असतील. त्या दिवशी मंडळाच्या सगळ्या बायका ते बघायला आल्या, आणि त्याच दिवशी ते कपाटात कुलूपबंद झालं! 'एवढं महागाचं, मुलं हरवतील हो,' असं आमच्या खजिनदार काकूंचं म्हणणं. पाहुणे, देणगीदार आले की खोकं बाहेर निघायचं, मुलं गोल बसून खेळायची, फोटो व्हायचा, मोजून परत आत. काकू वाईट नाहीत. त्यांनी आयुष्यभर एका पगारात घर चालवलंय, त्यांना वस्तू हरवलेली सहन होत नाही. मी पहिल्यापासून कुंकू लावून ठेवल्यासारखं हे खोकं ठेवू नका म्हणत होते, पण मंडळात माझं एक मत, बाकीच्यांची अकरा.

दुसरं एक आपोआप होत गेलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं. फोटोपुरतं खोकं निघालं, की ठोकळ्यांभोवती मुलगे आणि भातुकलीकडे मुली. मुली तशाही पूर्ण खेळायला येतच नसत. बहुतेकींच्या कडेवर एखादं भावंडं. अर्धं लक्ष त्याच्याकडे, अर्धं घड्याळाकडे, कारण पाचला नळाला पाणी येतं.

एका शनिवारी लॅपटॉपवर मी मुलांना 'लेगो मूव्ही' दाखवला. इंग्रजी कळत नव्हतं, मी मधे मधे थांबवून सांगत होते. मुलांना फारसं सांगावं लागतच नव्हतं म्हणा. बापाने ट्यूब हातात घेतल्यावर एक पोरगा ओरडला, "अरे, फेविक्विक लावू नको ना बे!" शेवटी मी सांगितलं की बाबा म्हणतात, आता बहिणीलापण खाली खेळायला बोलवायचं. सगळे हसले. तेव्हा मागे, भावाला मांडीवर घेऊन बसलेली सहावीतली एक मुलगी म्हणाली, "ओ ताई, मग ती पोरगी इतका वेळ वर काय करत होती?"

खरंच, काय करत होती? सिनेमात त्याचं उत्तर नाही. त्या सहावीतल्या मुलीने आपलं आपण दिलं, "आईला मदत करत असेल." आणि भाऊ झोपला होता त्याला खांद्यावर घेऊन पाणी भरायला गेली.

हा प्रश्न मी मंडळाच्या बैठकीत जसाच्या तसा मांडला. भांडण झालं. एक जण म्हणाली, मुलींना आवड नसते हो ठोकळ्यांची, उगाच कशाला लादायचं. आता आवड नसते हे खरं की खोटं, हे त्या खेळण्याच्या कंपनीचंसुद्धा बरीच वर्षं ठरत नव्हतं! १९७४ साली त्यांनी बाहुलीघराच्या खोक्यात आईबापांसाठी एक चिठ्ठी घातली होती. निर्मितीची ओढ मुलगा-मुलगी दोघांतही सारखीच असते, मुलग्यांना बाहुलीघर आवडतं, मुलींना अवकाशयान, त्यांना काय हवं ते करू द्या, असा तिचा आशय होता. पन्नास वर्षांपूर्वी! आणि त्याच कंपनीने २०१२ साली मुलींसाठी म्हणून वेगळे, गुलाबी-जांभळे संच काढले. पाच मैत्रिणी, ब्युटी पार्लर, कॅफे. त्यांच्या बाहुल्यासुद्धा वेगळ्या, सडपातळ. अमेरिकेत त्याविरुद्ध हजारो सह्यांची मोहीम निघाली. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झाली, हेही सांगायला हवं. सही करणाऱ्या आया आणि विकत घेणाऱ्या आया, दोन्ही खऱ्याच.

२०१४ च्या जानेवारीत, म्हणजे हा सिनेमा अमेरिकेत लागण्याच्या तोंडावर, एका सात वर्षांच्या मुलीने कंपनीला लिहिलेलं पत्र जगभर गाजलं. तुमच्या मुली घरी बसतात, समुद्रकिनारी जातात, खरेदी करतात. मुलगे मात्र साहसं करतात, माणसांना वाचवतात, नोकऱ्या करतात, असं तिने लिहिलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन स्त्री-शास्त्रज्ञांचा एक संच बाजारात आला. त्याची कल्पना मांडली होती एका महिला भू-रसायनशास्त्रज्ञाने. काही दिवसांत तो संपला. आणि २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की मुलगा-मुलगी असले साचे आपल्या खेळण्यांतून आणि जाहिरातींतून काढून टाकू. त्यासाठी सात देशांत पाहणी केली होती. तिच्यातली एक गोष्ट आपल्याकडच्या आयांनी ऐकण्यासारखी आहे. 'दुसऱ्यांची' खेळणी घेतली तर आपल्याला लोक हसतील, ही भीती मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त वाटते. भातुकलीशी खेळावंसं वाटणारा मुलगा आपल्याकडे किती वेळ भातुकलीशी खेळू शकतो? आजी लगेच म्हणते, 'हे काय रे बायकांसारखं!'

सिनेमाचा दुसरा भाग २०१९ मध्ये आला आणि त्याने त्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला खाली आणलं. तिचं नाव बियांका. भाऊ आता मोठा झालाय, त्याच्या खेळात सगळं काळंकरडं, पडझड झालेलं, 'मोठ्यांचं' शहर. बहिणीच्या खेळात चकाकी, गाणी, लग्न. तिचं जग त्याला आक्रमण वाटतं. तिला खरं तर एवढंच हवंय, की दादाने तिच्याबरोबर खेळावं. सुरुवातीलाच एम्मेट त्या ड्युप्लोवाल्यांपुढे ठोकळ्यांचं हृदय करून धरतो आणि ते ते खाऊन टाकून 'आणखी' म्हणतात. बघताना हा हल्ला वाटतो; लहान भावंडांची आई असाल तर तो हल्ला नाही हे लगेच कळेल. वाईल्डस्टाईललाही या भागात एक पात्र रोखठोक विचारतं, की लढलीस तू, बांधलंस तू, मग पुढारी तो कसा? तिच्याकडे उत्तर नसतं. मी घरात एकटीच टाळी वाजवली.

या भागात बाबा फारसे दिसत नाहीत आणि आई दिसते. पण कशी? मुलांच्या जगाचा अंत करणारी म्हणून! दोघांची भांडणं थांबेनात, तेव्हा ती फर्मान काढते, सगळे ठोकळे पेटीत भरा, माळ्यावर जातील. ठोकळ्यांच्या जगात हाच प्रलय. प्रलयाचं नावच आईवरून ठेवलंय. अनवाणी पायाखाली ठोकळा आल्यावर ती जी कळवळते, त्याला मात्र जगभरच्या आयांनी दाद दिली असणार. या माउलीला चिडायला मिळतं, खेळायला कुणी बोलावत नाही. हा हिशेब दोन सिनेमे होऊनही बाकीच आहे. पहिल्या सिनेमाने जगभरात सुमारे ४७ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने सुमारे १९ कोटी. बहिणीच्या गोष्टीला भावाच्या गोष्टीच्या निम्म्यानेही प्रेक्षक मिळाले नाहीत असं कुणी म्हणेल. मी तेवढं ओढत नाही. दुसरा भाग पहिल्याइतका बांधीव नाही, गाणी जरा जास्तच आहेत. पण भावंडं असलेल्या घरात दोन्ही भाग बघावेत, एका दिवशी नको, एका आठवड्यात. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना चालतील. पहिल्यात व्हिट्रुव्हियस नावाच्या म्हाताऱ्या बाबाचं डोकं उडतं तो प्रसंग आहे, लहानगी दचकतात. आमच्याकडे एका चिमुरड्याने लगेच 'परत लावा ना त्याचं डोकं' म्हणून भोकाड पसरलं होतं.

आणि हे दाखवायला ते ठोकळे विकत घेण्याची अजिबात गरज नाही. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा खडे, शंखशिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. चिंचोके आणि काडेपेट्यांनी काय काय होतं, ते आपल्या आयांना माहीत आहे. मुद्दा असलेल्या वस्तूला कुलूप लावण्याचा आहे.

तर आमची बैठक. तासभर बोलणी झाली. काकू शेवटी एवढ्यावर आल्या, की खोकं बुधवारी बाहेर निघेल, पण ठोकळे मोजून देणार आणि मोजून घेणार. आणि आम्ही चौघींनी असं ठरवलं, की बुधवारी चार ते पाच मुलींच्या कडेवरची भावंडं आम्ही सांभाळायची. पहिल्या बुधवारी नऊ बाळं आणि आम्ही चार बायका! एकाने माझ्या चष्म्याची काडी मोडली. मुलींना तिकडे रिकाम्या हातांनी बसायची सवयच नव्हती, पहिली दहा-पंधरा मिनिटं त्या ठोकळे नुसते रंगवार लावत बसल्या. खोक्यातल्या पुस्तकातलं चित्र कुणी बघितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात त्या सहावीतल्या मुलीने दोघींना घेऊन एक घर केलं. घर म्हणजे एकच छोटी खोली, उंच भिंतींची, खिडकी नाही. मी विचारलं, "हे काय गं, देऊळ?" ती म्हणाली, "नाही ताई, संडास." वस्तीत सार्वजनिक संडास आहे, त्याच्या दोन दारांना कड्या नाहीत, मुली एकमेकींना बाहेर उभं करून जातात. तिने आडवा लाल ठोकळा सरकवून दाखवला. "ही कडी. आतून लागते."

काकू तिथेच हिशेबाची वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ती कडी दोनदा सरकवून बघितली. काही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी मात्र आमच्या आधी त्याच वॉर्ड ऑफिसात जाऊन बसल्या होत्या, अर्ज घेऊन. त्याला आता सात महिने झाले. एका दाराला कडी बसली, दुसऱ्याचं 'होईल' आहे, आम्ही जातोय अधूनमधून. ठोकळे काकू अजूनही दर बुधवारी मोजतात. गेल्या वेळेपर्यंत तेवीस कमी भरले.